ओटी आणि ओटा

नीतिशास्त्र शिकविण्यांत माझीं पंचवीसांहून अधिक वर्षें गेलीं आहेत. सुख म्हणजे काय, तें मोजतां येतें कीं नाहीं, आणि मोजावयाचेंच झाल्यास आधीं कोणाचें मोजावें, या प्रश्नांवर मीं विद्यार्थ्यांना टिपणें दिलीं, त्यांच्या उत्तरपत्रिका तपासल्या आणि क्वचित् एखाद्या परिषदेंत निबंधहि वाचला. परंतु हाच प्रश्न एके दिवशीं स्वयंपाकघरांतील ओट्याचें रूप घेऊन माझ्यापुढें उभा राहील, आणि त्याच्याकडे पाहून मला खालीं मान घालावी लागेल, अशी मात्र कल्पना नव्हती.

हकीगत साधीच आहे. अलिबागहून रेवदंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आक्षीच्या पुढें नागाव लागतें. अष्टागरांतील इतर गांवांप्रमाणें हेंहि नारळी-पोफळींच्या वाड्यांत बुडालेलें. समुद्र हाकेच्या अंतरावर आहे, पण घरांतून तो दिसत नाहीं, ऐकूं येतो. तेथें आमचें वडिलोपार्जित कौलारू घर आहे. थोरले बंधु आणि वहिनी वाडी सांभाळून तेथेंच राहतात. मी नोकरीमुळें मुंबईकर झालों. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढून आलें, तेव्हां वाडींतील पोफळी काड्यांसारख्या मोडल्या, एक जुना नारळ स्वयंपाकघराच्या पाख्यावर आडवा झाला, आणि घराची मागची बाजू उघडी पडली. पुढें दोन पावसाळे ताडपत्रीखालीं काढले. मग ठरलें कीं, दुरुस्ती करावयाची तर नीटच करावी. आणि पुढच्या दोन खोल्या सुटीच्या दिवसांत समुद्रावर येणाऱ्या पाहुण्यांना भाड्यानें द्याव्या. नागावांत पुष्कळ घरांनीं असें केलें आहे. पोफळ पुन्हां फळावर येण्यास कैक वर्षें लागतात. पाहुणे शनिवारीं येतात. पाहुण्यांना घरचें जेवण हवें असतें हें ओघानेंच आलें, आणि तें वहिनी करतील हें तर इतकें ओघानें आलें कीं, त्याची चर्चाहि झाली नाहीं.

नकाशाचें काम माझ्याकडे आलें. घरांत पुस्तकें वाचणारा मीच, म्हणून घर कसें असावें हेंहि मलाच कळत असलें पाहिजे, असा बंधूंचा समज. मीं तो मोडला नाहीं.

ओटीच्या बैठकीवर मीं तीन आठवडे खर्च केले. जुनी ओटी मला आठवत होती: मधोमध कड्यांचा झोपाळा, भिंतीशीं लांकडी बांक, कोपऱ्यांत आजोबांची आरामखुर्ची, आणि कोणी विशेष मनुष्य आल्यास माजघरांतून काढून आणलेली गादी व लोड. नव्या बैठकीसाठीं मीं बारीकसारीक गोष्टींचा विचार केला. समोरासमोर बसलेल्या माणसांत आठ फुटांहून अधिक अंतर पडलें कीं गप्पा होत नाहींत, भाषणें होतात. म्हणून जागा जवळजवळ मांडल्या. झोपाळ्याच्या झोक्याला मागेंपुढें मोकळी जागा हवी. नाहींतर प्रत्येक येणाऱ्याला गुडघ्यावर प्रसाद मिळतो. पश्चिमेचें ऊन संध्याकाळीं थेट डोळ्यांवर येतें, तेव्हां वडीलधाऱ्या माणसाचें आसन त्या दिशेला तोंड करून नको. खाऱ्या हवेंत लोखंडी पाय गंजतात आणि मखमलीला पावसाळ्यांत कुबट वास येतो, म्हणून सागवान व सुती आच्छादनें. दुकानांतल्या सोफ्यांची बैठक दोन-दोन फूट खोल असते; तिच्यांत ठेंगण्या माणसाची पाठ टेकली तर पाय लोंबतात आणि पाय टेकले तर पाठ अधांतरीं राहते. हा दोष शोधून काढल्याबद्दल मला स्वतःचें कौतुकच वाटलें. एकूण सोळा माणसें सुखानें बसतील अशी योजना झाली.

स्वयंपाकघराच्या चौकोनांत मीं एक रेघ ओढून लिहिलें: 'ओटा, कडाप्पा, आठ फूट, बाकी मिस्त्रीच्या अंदाजानें.'

ओटी आणि ओटा या दोन शब्दांत एका काना-वेलांटीचा काय तो फरक आहे. पण पहिल्यावर माझे तीन आठवडे गेले आणि दुसऱ्यावर तीन मिनिटें, याची जाणीव मला त्या वेळीं झाली नाहीं. ती व्हावयास वहिनींचा हात मोडावा लागला. बांधकाम सुरूं होण्याआधीं मे महिन्यांत त्या विहिरीच्या काठावर घसरल्या आणि उजवें मनगट प्लास्टरमध्यें गेलें. मी सुटींत तेथेंच होतों. तीन आठवडे आम्हां दोघां भावांना ताडपत्रीखालच्या त्या स्वयंपाकघरांत उभें राहावें लागलें. आणि 'उभें राहावें लागलें' हे शब्द मी अक्षरशः वापरीत आहें.

चौथ्या कीं पांचव्या दिवशीं बंधूंना वालाचें बिरडें खावेंसें वाटलें. वाल भिजवावे, फडक्यांत बांधून मोड आणावे, कोमट पाण्यांत टाकावे आणि मग एक-एक दाणा चिमटींत धरून सोलावा, अशी ती कृति आहे. चार माणसांपुरते वाल सोलावयास मला तासाहून अधिक वेळ लागला. पहिलीं दहा मिनिटें उभ्यानें सोलले, मग टेकावयास जागा शोधूं लागलों. वहिनी हें काम मागच्या पडवीच्या उंबऱ्याशीं पाटावर बसून करीत असत. तेथें उजेड पुरेसा, वारा अंगावर, विहिरीकडची वाट समोर. तो उंबरा माझ्या नकाशांतून नाहींसा झाला होता. मीं खिशांतून कागद काढून पाहिला. घरांत सोळा जणांच्या बसण्याची सोय मीं केली होती. त्यांपैकीं एकहि जागा स्वयंपाकघरांत नव्हती.

आपलें जुनें स्वयंपाकघर बसून काम करणाऱ्या माणसाचें होतें, हें आपण विसरलों आहों. विळी, खवणी, पाटा-वरवंटा, जातें, पोळपाट हीं सर्व साधनें जमिनीवर बसलेल्या देहाच्या मापानें घडलेलीं आहेत. विळीला पायाचा दाब लागतो. ओट्यावर ठेवून ती चालवूं गेल्यास ती हातालाच शोधते. त्या जुन्या व्यवस्थेंत सुख होतें असें मात्र कोणी समजूं नये. चुलीचा धूर होता, फुंकणीनें लाल झालेले डोळे होते, आणि प्रत्येक भांड्यासाठीं उठबस करून चाळिशींतच कुरकुरणारे गुडघे होते. वराहमिहिरानें 'बृहत्संहिते'मध्यें स्वयंपाकघर आग्नेयेस सांगितलें आहे. आमच्या किनाऱ्यावर त्याची उपपत्ति लावणें कठीण नाहीं: पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून आणि दुपारचा खारा वारा पश्चिमेकडून येतो, तेव्हां पूर्वेच्या अंगाच्या चुलीचा धूर घरांत न शिरतां बाहेर पडतो. (वराहमिहिराच्या डोळ्यांपुढें नागावचा समुद्र असणें संभवत नाहीं, पण शास्त्रकार बरोबर निघाले तर आपण तक्रार कां करावी?) एवढें खरें कीं, त्या योजनेनें ओटीवरच्या मंडळींच्या डोळ्यांतलें पाणी वांचलें. चुलीपाशीं बसलेलीचें कोठें वांचलें? तिच्यासाठीं दिशा कोणतीहि असली तरी धूर समोरच होता.

मग ओटा आला. चूल जमिनीवरून कमरेपर्यंत चढली, धुराची जागा गॅसनें घेतली, गुडघ्यांची उठबस वांचली. हा मोठाच लाभ आहे. पण त्याबरोबर बसण्याची जागा गेली, आणि ती गेली हें कोणाच्या लक्षांतहि आलें नाहीं. केंद्र सरकारनें २०१९ सालीं लोकांच्या वेळेच्या विनियोगाची पाहणी केली. घरांतील बिनपगारी कामांत ज्या बायका वेळ घालवितात त्यांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटें वेळ त्यांत जातो. जे पुरुष असें काम करतात त्यांचा ९७ मिनिटें. दोनशें नव्व्याण्णव मिनिटें म्हणजे जवळजवळ पांच तास. वर्गांत मी सलग दोन तास उभा राहिलों तर घरीं येऊन पाय वर करून पडतों, आणि त्याला कष्ट म्हणतों.

मुंबईस परतल्यावर मीं पुस्तकें काढलीं. माझ्या जातीच्या माणसाला अपराधाची जाणीव झाली कीं तो ग्रंथालयांत जातो. तेथें पाहिलें तर आमच्याआधीं इतरांनीं हा विचार बराच केलेला. अमेरिकेंत कॅथरिन बीचर हिनें आपली बहीण हॅरिएट स्टो हिच्यासह १८६९ सालीं गृहव्यवस्थेवर एक ग्रंथ लिहिला आणि आगबोटीवरच्या आटोपशीर स्वयंपाकघराचा दाखला देऊन, घरांतल्या बाईला एवढें चालावयास कां लागावें, असा प्रश्न केला. पुढें १९१३ च्या सुमारास क्रिस्टीन फ्रेडरिक हिनें कारखान्यांत मजुरांचीं पावलें मोजतात तशीं गृहिणीचीं पावलें मोजून नकाशांवर रेघा काढल्या. आणि १९२६ सालीं मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईनें फ्रँकफुर्ट शहराच्या नव्या कामगारवस्तींसाठीं तें प्रसिद्ध स्वयंपाकघर आंखलें: सुमारें सव्वासहा फूट रुंद, अकरा फूट लांब, आगगाडींतील भोजनाच्या डब्यावरून सुचलेलें. अशीं सुमारें दहा हजार स्वयंपाकघरें बांधलीं गेलीं. जगांतील सध्यांच्या शहरी ओट्यांचें कूळ शोधूं गेल्यास पुष्कळदां तेथें जाऊन पोंचतें. विशेष हें कीं, त्या चिंचोळ्या जागेंतहि खिडकीपाशीं बसून काम करण्याची सोय होती आणि उंची कमीजास्त करतां येणारें एक फिरतें स्टूल होतें. जगभर ओटा पसरला. स्टूल मागें राहिलें.

त्या बाईविषयीं एक गोष्ट वाचून मला प्रथम धीर आला. तें स्वयंपाकघर आंखण्यापूर्वीं आपण कधीं स्वयंपाक केला नव्हता, असें तिनें उतारवयांत सांगितलें आहे. म्हणजे न रांधणाऱ्यालाहि रांधणाऱ्याची सोय पाहतां येते! पण पुढें वाचलें तेव्हां तो धीर खचला. त्या स्वयंपाकघरांत दुसरें माणूस मावत नसे. बाईचीं पावलें वांचलीं, पण ती एकटी पडली, अशी टीका पुढें झाली. आणि हातभार लावावयास येणाऱ्याला जागाच नसल्यामुळें तो न येण्यास उत्तम कारणहि मिळालें. दुसऱ्याचें हित मनापासून पाहणारा मनुष्यहि, त्याला विचारल्यावांचून पाहूं गेला तर, फार तर सुखकर अशी कोठडी बांधतो.

तर मग विचारावें. जॉन स्टुअर्ट मिल यानें, योगायोगानें त्याच १८६९ सालीं, स्त्रियांच्या दास्यावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत त्याचा एक मुद्दा असा आहे कीं, ज्यांना मोकळेपणें बोलूं दिलेलें नाहीं त्यांच्या स्वभावाविषयीं पुरुषांनीं केलेलीं विधानें हीं ज्ञान नसून अंदाज आहेत. हें पुस्तक मीं अनेक वर्षें शिकविलें आहे. तेव्हां गणपतींत नागावला गेलों तो कागद-पेन्सिल घेऊनच, आणि वहिनींना विचारलें, "वहिनी, तुम्हांला स्वयंपाकघर कसं हवं?"

त्या हंसल्या. म्हणाल्या, "भावोजी, मला काय विचारतां? मला कसंहि चालतं."

माझ्या सगळ्या अभ्यासाची नाव या एका वाक्यावर येऊन रुतली. या उत्तराचें करावयाचें काय? एक मार्ग असा कीं, तें जसेंच्या तसें खरें मानावें. स्वतःच्या सुखाचा उत्तम साक्षी ज्याचा तोच, हें तत्त्व उदार आहे. आणि येथें तें फारच स्वस्त पडतें. वहिनींना कसेंहि चालतें, मग आठ फूट कडाप्पा काय वाईट? उरलेले पैसे सोफ्याला. दुसरा मार्ग असा कीं, त्यांना आपलें हित कळत नाहीं असें ठरवून मीं तें ठरवावें. पहिल्यांत आळस आहे तर दुसऱ्यांत उद्धटपणा. अमर्त्य सेन यांनीं अशा उत्तरांविषयीं वारंवार बजावलें आहे कीं, दीर्घकाळ टंचाईंत राहिलेला मनुष्य आपल्या इच्छाच लहान करून घेतो. त्यामुळें त्याच्या समाधानावरून त्याच्या स्थितीचें माप घेतां येत नाहीं. यॉन एल्स्टर या नॉर्वेच्या विचारवंतानें १९८३ सालीं या विषयावर ग्रंथ लिहिला त्याला नांवच आंबट द्राक्षांचें दिलें. पण आमच्या वहिनींना कोल्ह्याची उपमा चालत नाहीं. कोल्ह्यानें निदान उडी मारून पाहिली होती. वहिनींपुढें द्राक्षाचा वेल कोणीं कधीं धरलाच नव्हता. चाळीस वर्षांत त्या घरांत त्यांना 'काय करूं?' असें कोणी विचारीत नव्हतें. त्याच सर्वांना विचारीत, 'आज काय करूं?'

आणि तरीहि, 'कसंहि चालतं' या शब्दांत केवळ दैन्यच आहे असें म्हणण्यास माझें मन धजत नाहीं. त्यांत एक प्रकारचा अभिमान आहे. सुतार आपल्या हत्याराविषयीं बोलतो तसा: हात चांगला असला कीं हत्यार कसेंहि चालतें. तो अभिमान काढून घेऊन त्याच्या जागीं मीं सहानुभूति ठेवली, तर त्यांना कांहीं दिलें कीं त्यांचें कांहीं नेलें?

इतक्यांत माझी पुतणी आली. तिनें वास्तुकलेची पदवी घेतली आहे आणि तिच्या मतें दोष भिंतींत होता. "आई, तूं आयुष्यभर भिंतीआड राबलीस. ही भिंतच काढूं. ओटी आणि स्वयंपाकघर एकच. मग तूं सगळ्यांत असशील." तिचें म्हणणें मला पटलें होतें, मीं मान हालविलीहि असेल. वहिनी पहिल्यानेंच ताठ बसल्या. "म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याच्या देखत मी घाम पुसायचा? करपलेली भाकरी त्यांच्यासमोर बाजूला ठेवायची? त्या भिंतीमागं मी काय बोलते, काय खाते, कुणाला हंसते, ते माझं मला. ती भिंत तेवढी राहूं दे."

पुतणी व मी एकमेकांकडे पाहत राहिलों. जी भिंत आम्हांला तुरुंगाची वाटत होती तिच्यामागें एक छोटेंसें स्वराज्य होतें. त्याहूनहि महत्त्वाचें म्हणजे, वहिनींना कसेंहि चालत नव्हतें. जें चालत नाहीं तें त्यांना स्वच्छ ठाऊक होतें; फक्त त्याचें उत्तर निघेल असा प्रश्न आम्हीं विचारला नव्हता. 'तुम्हांला काय हवें' हा प्रश्न जन्मभर मागण्याची संवय असणाऱ्या माणसाचा आहे. ज्याला ती नाहीं त्याच्यापुढें वस्तु ठेवावी लागते.

म्हणून आम्हीं एक खटाटोप केला. मागच्या रिकाम्या खोलींत कोरड्या विटा रचून त्यांवर फळ्या टाकल्या आणि मिस्त्रीच्या मापाचा, चौतीस इंच उंचीचा, खोटा ओटा उभा केला. शेगडी, पाण्याचा हंडा, डबे हीं तेथें नेलीं. वहिनींचा हात तोंवर बरा झाला होता. त्यांना म्हटलें, "दोन दिवस येथें करून पाहा, नको असेल तें सांगा." पहिल्या तासांतच शब्द फुटूं लागले. वहिनींची उंची चार फूट दहा इंच. चौतीस इंचांवर पोळी लाटतांना त्यांचे खांदे कानांशीं जात होते. उभ्यानें करावयाच्या कामाची पातळी कोंपरापेक्षां चार ते सहा इंच खालीं असावी, असें शास्त्र सांगतें. विटांचा एक थर काढल्याबरोबर तें शास्त्र त्यांनीं न वाचतां सिद्ध केलें. लाटण्याला अंगाचा भार लागतो, म्हणून तेवढा तुकडा आणखी दोन इंच खालीं. मीं शेगडी खिडकीखालीं दाखविली होती, बाहेर पाहतां यावें म्हणून. "वाऱ्यानं आंच एका अंगाला जाते, भाकरी एकीकडे कच्ची राहते. खिडकीखालीं पाणी द्या. भांडीं घासतांना बाहेर बघायला मिळालं तर बघेन." पाहुण्यांचीं मोठीं पातेलीं उभ्यानें घासणें हा छळ आहे, तेव्हां त्यांच्यासाठीं मागच्या पडवींत बसकी मोरीच हवी. आणि दुसऱ्या दिवशीं दुपारीं उरलेल्या विटा स्वतःच ओढून त्यांनीं पडवीच्या दाराशीं एक कट्टा रचला: सोळा इंच उंच, दोन फूट रुंद, दोघी बसतील एवढा लांब. खालीं विळी व खवणी सरकवावयास जागा. तेथून विहीर दिसते, फाटक दिसतें, आणि ओटीवर कोण आलें तें फक्त ऐकूं येतें.

खर्च वाढला. ओटीवरचे दोन सोफे रद्द झाले; जुना बांकच रंधा मारून ठेवला. बंधु थोडे कुरकुरले. पाहुण्यांचें पहिलें लक्ष ओटीवर जातें, कट्ट्याचे पैसे कोण देणार, हें त्यांचें म्हणणें व्यवहाराला धरून होतें. वर्गांत मीं त्याला उत्तर दिलें असतें कीं, सुखाच्या बेरजेंत रोजचे पांच तास शनिवारच्या एका तासापेक्षां जड भरतात. पण बंधूंना मीं तसें सांगितलें नाहीं. बेरजेनेंच ठरवावयाचें म्हटलें, तर उद्यां पाहुण्यांची संख्या दुप्पट झाल्यावर कट्टा पुन्हां हरेल. मीं एवढेंच म्हटलें, "दादा, वाल सोलून बघितले ना आपण?" त्यावर ते झोपाळ्यावर जाऊन बसले, आणि मिस्त्रीला कट्ट्याचें माप त्यांनींच दिलें.

घर उभें राहिलें. गेल्या दिवाळींत मी तेथें होतों. दोन्ही खोल्या पाहुण्यांनीं भरलेल्या. त्यांचें जेवण झालें, मग आमचें. पुतणी आणि वहिनी कट्ट्यावर शेजारी बसून कांदा चिरीत असतांना कसल्याशा गोष्टीवर इतक्या हंसल्या कीं, ओटीवरच्या एका गृहस्थानें वर्तमानपत्रांतून डोळे काढले. रात्रीं उशिरां पाणी प्यावयास आंत गेलों. दिवा एकच होता. वहिनी कट्ट्यावर ताट मांडीवर घेऊन एकट्याच जेवत होत्या, सर्वांच्या मागून, पूर्वीं उंबऱ्याशीं बसून जेवत तशाच. मीं म्हटलें, "वहिनी, आमच्याबरोबर कां नाहीं बसलां?"

"इथं वारा छान लागतो, भावोजी," त्या म्हणाल्या आणि सरकून त्यांनीं मला बसावयास जागा केली. मी बसलों. त्यांचें तें उत्तर पुन्हां 'कसंहि चालतं' यांतलेंच होतें, कीं चाळीस वर्षांनीं स्वतः निवडलेल्या जागेवर बसलेल्या बाईचें होतें, हें मला त्या अंधुक उजेडांत ओळखतां आलें नाहीं. त्यांनीं ताटांतली लसणीची चटणी माझ्या हातावर घातली, आणि फाटक नीट लावलें आहे ना, म्हणून विचारलें.